चिंचिलांची खुशाली

"नीट धरा हं, उडी मारेल," असं म्हणत पिंजरेवाल्याच्या माणसाने टोपलीचं झाकण उचललं, आणि सिस्टरचा पुढे गेलेला हात तसाच थांबला.

टोपलीत एक करडी चिंचिला अंग चोरून बसली होती. सशाच्या पिल्लाएवढं अंग, खारीसारखी शेपटी, उंदराचे असावेत तसे पण चांगले मोठे गोल कान. हनुवटीखालची लव लाळेने चिकट झाली होती. डाव्या कानाच्या कडेला कात्रीने टिपल्यासारखी त्रिकोणी खाच होती. ती जखम डॉक्टरांनी शिवली तेव्हा हिला याच टेबलावर सिस्टरनेच धरलं होतं.

"दाणी," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. काय होतंय हिला?"

"खात नाही चार दिवस झाले. मालक म्हणाले, दाखवून आण. चांगली व्यायची हो, आता बंदच पडली."

जनावरांच्या दवाखान्यात कसली आलीय सिस्टर, असं पहिल्या वर्षी सगळे हसले होते. आता सव्वीस वर्षं झाली होती. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. कुत्र्यांचे मालक, मांजरांच्या मालकिणी, खुद्द डॉक्टर, सगळ्यांची ती सिस्टर. लग्न केलं नाही. भाऊ गेल्यापासून ती आणि वहिनी दोघीच राहत होत्या. चार वर्षांपूर्वी, जनावरं वाढवून विकणाऱ्या याच पिंजरेवाल्याच्या पत्र्याच्या गोदामात उन्हाच्या तडाख्याने चिंचिला पटापट मरायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांबरोबर जाऊन तिने जगल्या-वाचल्या सोडवून आणल्या होत्या. या जनावराच्या अंगावर केस इतके दाट, की उकाडा त्याला सोसतच नाही. घरात गारवा करणारं यंत्र एकाच खोलीत होतं. पिंजरे तिथे गेले. पुढेही कुणी कंटाळून टाकून दिलेल्या येत राहिल्या. चार वर्षांत चौदा आल्या आणि त्यांतल्या दहा चांगल्या घरी गेल्या.

ती घरं वहिनी शोधायची. वहिनीच्या जिभेवर साखर. दगडालाही बोलतं करील अशी बाई. लोक घरी यायचे ते दिवसा, तेव्हा सिस्टर कामावर असायची. शिवाय पाठवणी तिला जमायची नाही. ज्या दिवशी एखादी जायची असेल, त्या दिवशी ती मुद्दाम अर्धा तास लवकर घराबाहेर पडायची.

डॉक्टर अजून आले नव्हते. दाणीचं तोंड हलकेच उघडून पाहत सिस्टरने विचारलं, "ही कुठून मिळाली तुमच्या मालकांना?"

"तीनेक वर्षं झाली. एक बाई आणून देतात. चांगल्या घरच्या आहेत, बोलायला एकदम गोड." माणूस हसला. "दर वेळी सांगतात, 'माझी नणंद फार हळवी आहे हो, तिच्या कानावर जाता कामा नये.' आम्ही कशाला सांगतोय? आम्हाला कुठे ठाऊक नणंद कोण ते!"

सिस्टरने दाणीच्या तोंडातून बोट काढलं. मागच्या दाढा वाढून जिभेत रुतल्या होत्या.

"टोपली राहू दे इथे," ती म्हणाली. "तुम्ही जा."

डॉक्टर आल्यावर तिने दाणी त्यांच्या हवाली केली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी घरी जायची परवानगी मागितली. बसमध्ये तिच्या डोक्यात एकच माणूस होता: बासरीवाले मास्तर. दाणी त्यांच्याकडे होती. कालव्याच्या काठी घर, एकटेच राहतात, संध्याकाळी बासरी वाजवायला बसले की दाणी खांद्यावर चढून ऐकते. दर रविवारी जेवणं उरकली की वहिनी सगळ्यांची खुशाली सांगायची, तेव्हा मास्तरांची पाळी सिस्टर शेवटी ठेवायला लावायची. मागच्या हिवाळ्यात मास्तरांना खोकला झाला होता. तिने त्यांच्यासाठी निळ्या लोकरीचा मफलर विणला होता. वहिनीने तो पोचवला होता. 'डोळे भरून आले हो त्यांचे,' असं सांगितलं होतं.

वहिनी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. "अगंबाई, वन्सं! एवढ्या लवकर? बरं नाही का?"

"मास्तर कसे आहेत?"

"कोण? हां... बरे आहेत की. परवाच फोन होता."

"आणि दाणी?"

"तिला काय धाड भरलीय! मास्तरांच्या ताटातलं—"

"दाणी दवाखान्यात आहे, वहिनी. पिंजरेवाल्याच्या माणसाने आणली."

वहिनीने हातातली शेंग खाली ठेवली. मग ताट थोडं बाजूला सरकवलं. सिस्टर वाट पाहत राहिली. काहीतरी असेल, मास्तर अचानक वारले असतील, दाणी चोरीला गेली असेल, असं अजूनही तिला वाटत होतं. वहिनीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची तिला इतकी सवय होती, की आत्ताही वहिनीने एखादी बरी थाप मारली असती तर तिने ती धरून ठेवली असती.

"मास्तर नाहीत," वहिनी म्हणाली.

"म्हणजे गेले?"

"नव्हतेच."

मग वहिनीच बोलायला लागली. "पहिलं जोडपं खरं होतं. देवाशपथ खरं. आठ दिवसांत दोन्ही चिंचिला परत घेऊन आले. रात्रभर उड्या मारतात म्हणाले, झोप नाही. तुम्ही कामावर होतात. त्या आठवड्यात तुम्ही इतक्या खुशीत होतात, वन्सं... मला सांगवेना. संध्याकाळच्या आत मी त्या नेऊन दिल्या. तुम्ही आलात, विचारलंत, 'कशा आहेत?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'मजेत.' मग एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो."

"दहाच्या दहा?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

"त्याच्याकडे? ज्याच्या गोदामातून मी त्यांना काढून आणलं, त्याच माणसाकडे?"

"दुसरं कोण घेणार होतं? पंखे लावलेत म्हणाला. एक कवडी घेतली नाही मी त्याच्याकडून."

"मफलर कुठाय?"

"कपाटात. खालच्या कप्प्यात."

एवढ्याने मात्र सिस्टर स्टुलावर बसली. जनावरांचं दुःख मोठं होतं, पण ते तिच्या ओळखीचं होतं. मफलराचं हे नवंच होतं. पंधरा दिवस ती टाके मोजत बसली होती, आणि समोर बसून हीच बाई लोकरीचा गुंडा धरत होती.

"तू मला रंग सुचवलास," ती म्हणाली. "निळा घ्या म्हणालीस. मास्तरांना शोभेल."

वहिनीचा चेहरा लाल झाला. "आणि ती खोली कुणाची होती, वन्सं? तुमच्या दादांची आणि माझी. 'दोन दिवस ठेवू या' म्हणालात. चार वर्षं मी बाहेर पलंगडी टाकून झोपतेय. माझे कपडे काढायला माझ्याच खोलीत चोरासारखी जाते, तुमची जनावरं दचकायला नकोत म्हणून. एकदा तरी विचारलंत?"

सिस्टरने विचारलं नव्हतं. ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. दाढेखालचा खडा लागावा तसं लागलं.

"म्हणायचं होतंस."

"ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं," सिस्टर म्हणाली. "पण भांडलो तरी असतो. भांडायचं होतंस माझ्याशी, वहिनी. मी काय लहान मूल होते गोष्टी सांगून निजवायला?"

वहिनी रडायला लागली. एरवी सिस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला असता. ती उठली आणि परत दवाखान्यात गेली.

दाणीच्या दाढा कापल्या, पण जबड्यात पू झाला होता. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नुसतं सिस्टरकडे पाहिलं. शेवटची सुई त्यांनी दिली, धरलं हिनेच.

दुसऱ्या दिवशी दोघं गोदामावर गेली. डॉक्टरांनी तक्रारीचा कागद टेबलावर ठेवल्यावर पिंजरेवाला नरमला. "तुमच्या कोणत्या त्या ओळखून घ्या," म्हणाला. तिने तीन ओळखल्या. त्यांतल्या एकीनेही तिला ओळखलं नाही. धरायला गेल्यावर एकीने घाबरून अंगावरचे केस सोडले, आणि तिच्या मुठीत नुसता करडा पुंजका राहिला.

"बाकीच्या?"

"गेल्या," पिंजरेवाला म्हणाला. विकल्या की मेल्या, ते त्यालाही आठवत नव्हतं.

घरी आल्यावर तिने वहिनीची खोली रिकामी केली, फरशी दोनदा पुसली. गारव्याचं यंत्र काढून आपल्या छोट्या खोलीत बसवून घेतलं, पिंजरे तिथे मांडले आणि स्वतःची गादी बैठकीत टाकली. वहिनी नको नको म्हणत राहिली. "खोली तुझी आहे," एवढंच सिस्टर म्हणाली. वहिनी तिथे झोपायला लागली, पण दार उघडं ठेवून.

बोलणं बंद झालं नाही. दूध आलं का, दिव्याचं बटण बिघडलंय, एवढं होतंच. रविवारी जेवणं झाली की दोघी पटकन उठायच्या. आणि ज्याची सिस्टरला लाज वाटायची ती गोष्ट वेगळीच होती: तिला मास्तरांची आठवण यायची. नव्हत्याच माणसाची. हवा गार झाली की त्यांचा खोकला मनात यायचा, आणि मग स्वतःचाच राग.

महिनाभर तिने कुणालाच जनावर दिलं नाही. लोक यायचे, गोड बोलायचे. जितके गोड बोलतील तितकी ती मागे सरायची. शेवटी डॉक्टरांनी एका चष्मेवाल्या बाईंचं नाव काढलं. सिस्टर पत्ता शोधत स्वतः गेली. चष्म्यांच्या दुकानामागे दोन खोल्या. भिंगं घासायच्या यंत्रासाठी तिथे बारा महिने गारवाच असायचा. बाई साठीच्या, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. सिस्टरने भिंतीला हात लावून पाहिला, खिडकी पाहिली, पिंजऱ्याची जागा मोजली. लांबलचक प्रश्न विचारले. बाईंनी एक-दोन शब्दांत उत्तरं दिली.

"रात्री फार उड्या मारतात."

"मला झोप येतच नाही."

"पंधरा-पंधरा वर्षं जगतात."

"मग पुतणीला सांगून ठेवते."

"आणि खुशाली..." सिस्टर अडखळली.

"फोनबिन मी करणार नाही," बाई म्हणाल्या. "बोलायला आवडत नाही मला. बघायचं असेल तेव्हा येऊन बघा. न सांगता या."

पुढच्या सोमवारी सकाळी सिस्टर गोदामातून आणलेल्या तिघींपैकी पांढरटशी एक घेऊन निघाली. त्या दिवशी ती लवकर बाहेर पडली नाही. वहिनी दारात आली आणि तिने पिंजऱ्यावरचं फडकं नीट केलं.

चष्मेवाल्या बाईंनी दुकानाचं दार उघडून धरलं. सिस्टरने पिंजरा पुढे केला. बाईंनी एका बाजूने कडी पकडली. दुसऱ्या बाजूची सिस्टरच्या हातात होती, आणि ती सुटेना. बोटं उघडायची कशी तेच जणू विसरायला झालं. एक गिऱ्हाईक आत येऊन काउंटरपाशी उभं राहिलं, खाकरलं.

बाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. आपल्या बाजूचा भार उचलून धरत त्या तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."