गुलजारबीचं जोडइंजिन

द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागलं की डाव्या हाताला खाजा मिस्त्रींचं दुकान होतं. झिजलेला सिलिंडर आतून कोरून पुन्हा गोल करून द्यायचा, एवढंच तिथलं काम. मिस्त्रींचे दोन्ही मुलगे आखातात गेले आणि म्हाताऱ्यानंतर मशीनवर लेक उभी राहिली, गुलजारबी. ती आधी सिलिंडरच्या आतून बोट फिरवून माप सांगायची आणि मग मायक्रोमीटर लावायची. मायक्रोमीटर तेच सांगायचा. तिच्या हाताखालून गेली नाही अशी जुनी बुलेट नाशकात शोधूनही मिळाली नसती.

हे बुलेटवाले दर रविवारी सकाळी तिच्याच दुकानाच्या पायरीवर जमायचे. अकरा जण होते. दर जानेवारीत सगळे मिळून कसारा घाट चढायचे. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत वाटेत पाय न टेकता जो वर येईल, त्याच्या टाकीवर पांढऱ्या रंगाचा एक टिपका. आणि ज्याच्याकडे एकही टिपका नाही, त्यानं पायरीवर इंजिनाविषयी तोंड उघडायचं नाही, हा मंडळाचा नियम. यादवसाहेबांकडे नऊ टिपके होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

बिनटिपक्याची मंडळी मग जगातल्या उरलेल्या सगळ्या विषयांवर तुटून पडायची. मखमलाबादला झेंडू पिकवणारा खंडेराव त्यांत सगळ्यात पुढे. मिसळीच्या मटकीला मोड एक दिवस आणायचे की दोन, यावर तो आणि एक बँकेतला कारकून अख्खा पावसाळा भांडले होते. "दोन दिवस ठिवली का तिचं गवत होतं," खंडेराव म्हणायचा, "आन गवत आमच्याकडं म्हशी खात्यात." गुलजारबी आत मशीन चालवत ऐकायची आणि मनापासून हसायची. माणसं वाईट नव्हती, नियम तेवढा खुळचट होता.

एकदा यादवसाहेबांची गाडी पायरीशी येऊन बंद पडली आणि साहेब कार्बोरेटर खोलायला बसले. गुलजारबी हात पुसत बाहेर आली. "साहेब, कार्बोरेटरचं काही नाही. पिस्टनला जागा कमी पडतेय, गरम झाला की फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मागल्या खेपेला मी म्हटलंच होतं, एक धागा, केसभर, जास्त कोरू द्या."

साहेबांनी मान वर केली नाही. "आपा," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमच्याकडे टिपका आहे का? नियम म्हणजे नियम."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई स्वतःच्या दुकानाच्या स्वतःच्या पायरीवर उभी होती आणि तिला बोलायला परवानगी लागत होती. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती आत गेली, पण मशीन चालू केलं नाही. कोपऱ्यातल्या भंगारातून तिनं बुलेटची दोन मेलेली इंजिनं ओढून काढली आणि शेजारी शेजारी मांडून कितीतरी वेळ बघत बसली.

त्या दोघांचं मिळून एक इंजिन करायला चार वर्षं लागली. दोन सिलिंडर एकाच पेटीवर तिरके बसवायचे, खाली दोघांच्या पिस्टनचे दांडे एकाच पिनेवर. अशी पेटी बाजारात कुठून मिळणार? अंबडच्या फाउंड्रीतला पुंजा ओतारी तिनं पटवला. पहिली पेटी थंड होतानाच तडकली. दुसरीत हवेचे फुगे राहिले. "आपा, नाद सोडा," पुंजा म्हणाला. "तिसरी ओत," गुलजारबी म्हणाली. तिसरी ठीक निघाली. बाकी सगळं, दांडे, बुश, कॅम, तिनं स्वतःच्या हातानं केलं आणि बुलेटची चौकट वीतभर लांबवून त्यात ते धूड बसवलं. मग रोज पहाटे आडगावच्या मोकळ्या रस्त्यावर चालवून शिकली. चार वेळा पडली.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत, घाटाच्या आदल्या रविवारी, तिनं गाडी ढकलत पायरीसमोर आणून लावली. मंडळ पायरीवरून उठून गाडीभोवती जमलं. मग सगळे एकदम बोलायला लागले, टिपकेवाले आणि बिनटिपकेवालेही, आणि नियमाची कुणालाच आठवण राहिली नाही.

यादवसाहेब गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. "हे इंजिन नाही, खिचडी आहे. कुठल्या कंपनीचं? नंबर कुठाय याला?"

"माझ्या कंपनीचं," गुलजारबी म्हणाली. "पुढच्या रविवारी घाटात येतेय. वर पोचले तर पायरीवर बोलणार. हाये कबूल?"

"कबूल," साहेब म्हणाले. "तुम्ही पुढे चला. आम्ही मागून येतो, उचलून आणायला कुणीतरी लागेलच."

"आपा, लय जड हाय हो ही," खंडेराव कळकळीनं म्हणाला. "पाय पुरतील का?"

"घाटात पाय टेकायचेच नाहीत ना, भाऊ? मग पुरले काय अन् न पुरले काय."

त्या रविवारी कसाऱ्याहून बारा गाड्या निघाल्या. सलवार-कमीजवर भावाचं जुनं जॅकेट चढवून गुलजारबी पुढे, बाकी मंडळ मागे. पहिली दोन वळणं सुरेख गेली. तिसऱ्या वळणावर सिमेंटचा ट्रक रांगत चालला होता आणि ओलांडायला जागा नव्हती. तिनं वेग उतरवला, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चढू लागली, आणि तेव्हा मागच्यांना त्या इंजिनाचा ठोका पहिल्यांदा नीट ऐकू आला. धड-धड, मग खंड. धड-धड, मग खंड.

"गेला," यादवसाहेब ओरडले. "एक सिलिंडर गेला तिचा. थांबा सगळे." आणि त्यांनी हात वर केला.

आठवडाभर हा क्षण बघायची सगळ्यांना हौस. अकराच्या अकरा जणांनी कठड्याशी गाड्या घेतल्या, पाय टेकले आणि माना उंचावून ती कुठे थांबते ते बघत राहिले.

गुलजारबीला आरशात हात वर झालेला दिसला. कुणी पडलं का? तिचा हात आपोआप ॲक्सिलेटरवरून सैल झाला, गाडी गचके खायला लागली, डावा पाय खाली सुटलासुद्धा. जमीन चार बोटं राहिली असताना तिनं आरशात पुन्हा पाहिलं. अकरा गाड्या, अकरा माणसं, सगळी धडधाकट, आणि सगळी तिच्याकडे बघत होती. तिला उलगडा झाला, ते तिच्या इंजिनाचा ठोका ऐकून थांबले होते. दोन दांडे एका पिनेवर असले की ठोके सारख्या अंतरानं पडतच नाहीत, तिचं इंजिन लंगडत नव्हतं, त्याची चालच तशी होती. इंजिनिअर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला ते कळू नये याचा तिला संताप आला. तिनं पाय वर घेतला, ट्रकच्या उजवीकडे फट दिसताच मूठ पिळली आणि इगतपुरीपर्यंत मागे पाहिलं नाही.

मंडळ वर आलं तेव्हा ती गाडीला टेकून उभी होती.  खंडेरावानं खिशातून पांढऱ्या रंगाची डबी काढली. यादवसाहेबांनी त्याचा हात धरला.

"एक मिनिट. घाटात आणीबाणी झाली, सगळ्यांना थांबावं लागलं. तेव्हा या वर्षीचा घाट रद्द धरू. सगळ्यांचाच. म्हणजे कुणावर अन्याय नको."

 खंडेराव जमिनीकडे बघत पुटपुटला, "आपा तर थांबल्या नाय, साहेब."

गुलजारबीला वाटलं, ओरडावं. घशाशी आलेलं सगळं बोलून टाकावं, चार वर्षांचं. मग तिनं त्या अकरा चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तिला त्यांची दयाच आली. बाईचा एक टिपका हुकताना बघायला यांनी पाय टेकून स्वतःचे अकरा घालवले होते.

"रद्द ना?" ती म्हणाली. "चालेल. मी परत खाली कसाऱ्याला जाते आणि परत वर येते. तेही रद्द केलंत तर तिसऱ्यांदा येईन. पेट्रोल आहे, दिवस सगळा पडलाय. तुम्ही रद्द करून दमाल, साहेब, मी चढून दमणार नाही."

तिनं किक मारली. धड-धड, मग खंड. गाडी वळवून ती घाटाच्या तोंडाशी आली.

मागे एक गाडी सुरू झाली. तिनं वळून पाहिलं नाही, गरज नव्हती. तो खंडेरावाचा सिलिंडर, दोनदा कोरलेला. मग बँकेतल्या कारकुनाचा, जरासा ढिला. मग तिसरा, चौथा, एकेक आवाज तिच्या बोटांच्या ओळखीचा. दहा मोजून झाले आणि ती उतरणीला लागली. पहिल्या वळणाशी अकरावा ऐकू आला. यादवसाहेबांची गाडी तिसऱ्या किकला पेटली होती आणि पिस्टन अजून धरत होता.