दोन बोटं माया

मी मापाची वही बोलतेय. कुरुळीच्या धम्मपाल टेलरची. लांबट, सहाशे पानी, लाल कापडी पाठीची. पाठ आता लाल म्हणायची एवढंच, खडू, चहा आणि इस्त्रीची वाफ यांनी मिळून तिला भलताच रंग आणलाय. मला हातात घेतलंत तर आधी नाक मुरडाल. खुशाल मुरडा. बावीस वर्षं टेलरच्या टेबलावर काढा, मग बोलू आपण.

धम्मपालचे वडील भोसरीत कंपनीत होते. पोरानंही मशीनवर उभं राहावं अशी त्यांची इच्छा. धम्मपाल मशीनवर बसला, पण शिलाईच्या. चिमाजीअण्णांच्या गाळ्यात दुकान टाकलं त्याच दिवशी मी आले. बाकीचे टेलर वर्षाला एक वही संपवतात. धम्मपालचं अक्षर मुंगीएवढं आणि जुनं गिऱ्हाईक परत आलं की नवं माप तो त्याच्याच ओळीखाली लिहायचा. म्हणून मी एवढी टिकले.

काय दिवस होते हो ते! कंपन्या तेव्हा कामगारांना कापड द्यायच्या. शिफ्ट सुटली की प्लॅस्टिकच्या पिशवीत पँटपीस-शर्टपीस घेऊन माणसांची रांग लागायची. लातूरचे, बीडचे, कोकणातले. प्रत्येकाची बोली वेगळी आणि प्रत्येकाला घाई. अशा वेळी धम्मपाल टेप गळ्यात टाकून आकडे ओरडायचा आणि त्याच्याऐवजी त्याची बायको प्रभावती माझ्यात उतरवायची. त्या गर्दीत मला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता आठवलं की तीच गर्दी हवीशी वाटते.

एक चूक मात्र सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लातूरकडचा नवनाथ नावाचा तरुण मोठ्या भावाची पँट घेऊन आला. त्याला ती आखूड होत होती. "खालून दोन बोटं सोडा," म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, खालची दुमड उसवून दोन बोटं लांब करा. आता टेलर लोकांत, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. धम्मपालला वाटलं, दुमडीत दोन बोटं माया सोडायची आणि बाकीचं कापायचं. चालवली कात्री. संध्याकाळी नवनाथ घोट्याच्या वरच राहिलेली, आता लांबही न होणारी पँट घालून दुकानात उभा.

"हे काय केलाव, टेलर? सोडा म्हणलो की मी," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी त्याचं कंपनीत जॉइनिंग होतं. धम्मपालनं स्वतःसाठी ठेवलेला पँटपीस काढला आणि लगेच नवी पँट शिवायला घेतली. जेवला नंतर.

त्या दिवसापासून धम्मपालनं दोन सवयी लावून घेतल्या. एक, कापड कापून टाकायचं नाही, सगळी माया आत राखायची. दुसरी माझ्याशी संबंधित. मापाशेजारी गिऱ्हाईक जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. पहिली ओळ नवनाथचीच, 'खालून दोन बोटं सोडा.' माझी पानं मग बोलायला लागली. 'ड्रेस पोत्यावानी बसतो.' 'कमरेत फुगतंय.' 'बाह्या मशीनमध्ये जातील असं भ्या वाटतं.' आणि दर दोन वर्षांनी जूनमध्ये एक ओळ ठरलेली: 'मिनल, शाळेचा ड्रेस, माया तीन बोटं.' मिनल त्याची लेक. ती दरवर्षी वाढायची आणि धम्मपाल आतली माया थोडी थोडी मोकळी करायचा. दोन वर्षं एकच फ्रॉक चालायचा आणि मिनल त्यावरून भांडायची.

पुढे कंपन्यांनी तयार ड्रेस द्यायला सुरुवात केली. स्मॉल, मीडियम, लार्ज. जगातली सगळी माणसं तीन मापांत बसवली, घ्या! रांग आटली. कधी कधी आठवडाभर मला कुणी उघडायचं नाही. धम्मपाल रोज दुकान उघडायचा, मशीनला तेल घालायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा.

गाळामालक चिमाजीअण्णा मनाचे चांगले. एक दिवस येऊन बसले. "धम्मा, कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा हाय. एक तारखेपास्नं जा. निस्तं हुबं ऱ्हायाचं. मशीन काय खायाला घालतीया व्हय तुला?"

धम्मपाल हो म्हणाला. मशीन विकायचं ठरलं. वॉचमनचा ड्रेस आला, तोही तयार, खांद्यावरून ओघळणारा. त्यानं स्वतःचं माप घेतलं, माझ्यात लिहिलं आणि सवयीनं पुढे गिऱ्हाइकाचे शब्दही लिहिले. गिऱ्हाईक तोच होता. लिहिलं, 'नको वाटतं.' मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांत इतकं छोटं वाक्य माझ्यात कुणी लिहिलं नव्हतं.

ती ओळ मिनलनं वाचली. ती आता चाकणला एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आणि रविवारी भोसरीत डिजिटल मार्केटिंगचा क्लास करते. ती म्हणाली, "पप्पा, एक तारखेला अजून पाच आठवडे आहेत. तोवर मशीन विकू नका." तेवढ्यापुरती बापानं मान डोलावली.

तिनं इंटरनेटवर दुकानाचं पान बनवलं. वर ठळक अक्षरांत: 'प्रोफेशनल युनिफॉर्म अल्टरेशन सर्व्हिसेस'. वाचून मलाच धाक वाटला. दोन आठवड्यांत एक फोन आला. कुणी ट्रकवाला होता, त्याला गाडीचा अल्टरनेटर दुरुस्त करून हवा होता. धम्मपाल शांतपणे म्हणाला, "भाऊ, अल्टर होतंय. नेटर आपल्याकडं नाही." फोन ठेवून बापलेक इतके हसले की प्रभावती आतून बघायला आली. हसून झाल्यावर मिनल मात्र ते पान पुन्हा पुन्हा वाचत बसली.

पुढच्या रविवारी ती क्लासहून आली ती विजयश्री मॅडमचं बोलणं घेऊन. मॅडम म्हणाल्या होत्या, "तू दुकानाला काय म्हणतेस ते सोड. ज्याला अडचण आहे तो फोनवर काय बोलून शोधतो, ते शब्द आण." मिनलनं शब्दांचे आकडे दाखवणारी साइट उघडली. कुठला शब्द महिन्यात किती लोक शोधतात ते त्यात दिसतं म्हणे. 'ड्रेस फिटिंग' घातलं तर ढीगभर आकडे, पण ते सगळे पंजाबी ड्रेसचे, पुण्यातल्या बुटिकचे. डोकं धरून बसली. बसल्या बसल्या हाताला मी लागले.

मला वाटलं, पंखा म्हणून वारा घ्यायला उचललं असेल. पण ती वाचायला लागली. एक पान, दुसरं पान, मग पेन घेऊन माझ्या शेवटच्या कोऱ्या पानांवर रेघा ओढायला लागली. कुठला शब्द किती वेळा आलाय ते मोजत होती. 'युनिफॉर्म' सहाशे पानांत एकदाही नव्हता. कामगार युनिफॉर्मला ड्रेसच म्हणतो, कंपनीचा ड्रेस. 'अल्टर' चार वेळा. 'फिटिंग', 'ढिला', 'टाइट', 'सोडून द्या' हे शेकड्यांनी. चार रविवारचं काम तिनं एका दिवसात उरकलं. माझी पानं इतक्या मायेनं कुणी उलटल्याला किती वर्षं झाली होती.

तिनं नवी ओळ लिहिली: 'कंपनी ड्रेस फिटिंग, कुरुळी. ढिला ड्रेस टाइट करून, टाइट ड्रेस सोडून मिळेल. पँट दोन बोटं सोडून मिळेल.' मग ती साइटवर तपासली. आकडा आला शून्य.

"शून्य आहे की गं," धम्मपाल म्हणाला.

"त्या साइटला कुरुळी माहीत नाही, पप्पा. या वहीला माहीत आहे."

शपथेवर सांगते, त्या क्षणी माझी शिवण उसवायचीच बाकी राहिली.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. एक तारीख चार दिवसांवर आली. खुंटीवर वॉचमनचा ड्रेस फिटिंग करून, इस्त्री करून लटकत होता. चिमाजीअण्णा रोज येऊन त्याच्याकडे बघून जायचे. मिनल रोज कामावरून येऊन फोन बघायची आणि परत ठेवायची.

तीन दिवस उरले असताना फोन वाजला. धम्मपालनं स्पीकरवर घेतला. पलीकडून आवाज आला, "टेलर, कंपनीचा ड्रेस दोन बोटं सोडून देताव का? लेकीला आखूड होतोय, नवीन लागलीय."

धम्मपालनं माझ्यावर हात ठेवला. "नवनाथराव?" त्यानं विचारलं.

पलीकडून हसणं ऐकू आलं. नवनाथ आता एका कंपनीत सुपरवायझर आहे, राहतो दिघीला. फोनमध्ये बोलून त्यानं नेहमीच्या शब्दांत शोधलं, 'ड्रेस दोन बोटं सोडून देणारा टेलर', आणि त्याचेच शब्द त्याला दुकानापर्यंत घेऊन आले. संध्याकाळी तो लेकीला, नेहाला, घेऊन आला. मी उघडी होते. त्यानं स्वतःची जुनी ओळ वाचली आणि डोळे पुसले. जाताना म्हणाला, "या महिन्यात चाळीस नवीन पोरं-पोरी लागल्यात. सगळ्यांचे ड्रेस पोतेच आहेत. धाडतो."

त्यानं धाडले. नंतर इतरांचेही फोन यायला लागले, कुणाच्या बाह्यांचे, कुणाच्या कमरेचे. सगळे तेच शब्द बोलत होते.

एक तारखेला सकाळी धम्मपालनं खुंटीवरचा ड्रेस काढला आणि ब्लेडनं हळूहळू टाके उसवले. कापड जसंच्या तसं मोठं झालं. फिटिंग करताना त्यानं एक बोटभरही कापलं नव्हतं. सगळी माया आत ठेवली होती, न बोलता. घडी घालून त्यानं तो चिमाजीअण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी शिवण चाचपली. "म्हंजी तू जायाचंच न्हाई ठरवलं व्हतंस?"

"ठरवलं नव्हतं, अण्णा. पण कापवलं नाही."

आता माझी पानं संपलीत. मिनलनं नवी वही आणलीय, निळ्या पाठीची, अजून कोऱ्या वासाची. मला माळ्यावर टाकणार होते, पण मिनल म्हणाली, ही टेबलावरच राहील, शब्द लागतात. तेव्हा आता मी म्हातारी आणि ती पोर शेजारी शेजारी असतो. तिला मी एकच सांगते, आणि तुम्ही इथवर आलात म्हणून तुम्हालाही सांगते. माणूस बोलतो ते त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. आणि समोरचं कितीही ढिलं वाटलं तरी लगेच कात्री चालवू नका.

माझ्यातली धम्मपालची ओळ तशीच आहे, 'नको वाटतं.' तिच्याखाली त्यानं तारीख घातलीय, एक, आणि पुढे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, 'सोडून दिला.'