कापसाचे लाइफ जॅकेट

मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून बोलतो. धक्क्याजवळच्या तारेच्या कुंपणावर नारिंगी रंगाचे काहीतरी फडफडताना दिसते ना, तो मी. एक जुने लाइफ जॅकेट. माझे पट्टे कापलेले आहेत, पोटाशी शिवण उसवली आहे. येणारेजाणारे म्हणतात, "हे लक्तर इथे कशाला टांगलंय?" त्यांचे चूक नाही. पण माझी हकीकत ऐका आणि मग मला काय म्हणायचे ते म्हणा.

माझा जन्म कारखान्यातला. फोमच्या जाड लाद्या कापून माझ्या छातीत आणि पाठीत घातल्या. तो फोम म्हणजे हजारो इवल्याइवल्या खोल्या. प्रत्येक खोलीत चिमूटभर हवा आणि एकाही खोलीला दार नाही. पाणी आले तरी शिरणार कुठून? माझे सारे बळ त्या कोंडलेल्या हवेत होते. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि मला ढिगावर ठेवताना पुटपुटल्या, "जा बाबा, कुणाच्या तरी कामी ये." हे त्या प्रत्येकच जॅकेटला म्हणत असतील. पण मला वाटले, हा आशीर्वाद माझ्या एकट्यासाठीच. देवाने जन्माला घातलेल्या प्रत्येकाला असेच वाटते, नाही का?

मला विकत घेतले ते गादीवाल्यांनी. बाजारात त्यांचे गाद्या-उशांचे दुकान. पुढे दुकान, मागे कापूस पिंजायची खोली, वर घर. त्यांच्या भुवयांवर बारा महिने कापसाचे तंतू असत. माणूस भला, हाताला यश असलेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय करून झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी एक छोटी, मोटर लावलेली नाव घेतली. नावेबरोबर आम्ही चार जॅकेटे आलो.

सुरुवातीला आमचे काय कौतुक! नाव धक्क्यावरून सुटायच्या आधी सगळे आम्हाला अंगात घालत, पट्टे आवळत, एकमेकांकडे बघून हसत. मग एकदा उकाडा होता. मग एकदा "जवळच तर जायचंय" असे झाले. आणि मग नावेतली फळी बसायला टोचते, असे कुणाच्या तरी लक्षात आले. त्या दिवसापासून आम्ही अंगावरून खाली गेलो.

माझ्यावर बसायचे ते गादीवाल्यांचे साडू. देहाने भरपूर, मनाने मोकळे.

"साडूभाऊ, नाव तुमच्या बाजूला कलली हो!" गादीवाले ओरडत.

"मग तुम्ही रोज दोन घास जास्त खा की! मी एकट्याने किती तोल सांभाळायचा?"

सगळे खदखदून हसत. मी मात्र खाली चिरडत असे. माझ्या त्या बिनदाराच्या खोल्या एकेक करून बसत चालल्या होत्या, हवा जात होती. आणि वर साडू म्हणत, "काय झकास बसायला झालंय!" मित्रांनो, ज्या कामासाठी आपण जन्मलो नाही त्या कामाची शाबासकी फार बोचते.

शेवटी माझी शिवण फाटली. गादीवाल्यांनी मला उचलून बघितले आणि हळहळले. "पार चपाती झाली की याची!" दुसरा कुणी असता तर त्याने मला फेकले असते. पण गादीवाल्यांच्या घरात चपटे झालेले काहीही टाकून देत नसत. चपटे झाले की उसवायचे, पिंजायचे, भरायचे, शिवायचे. हाच त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धर्म.

त्यांनी मला दुकानात नेले. माझे पोट उसवले. चिरडलेला फोम काढून कोपऱ्यात टाकला. आणि मग, मित्रांनो, त्यांनी माझ्यात कापूस भरला. साधासुधा नव्हे, नव्या नवरा-नवरीच्या गादीसाठी राखून ठेवलेला, पांढराशुभ्र, हातात घेतला तर उडून जाईल असा. मूठमूठ भरला, कोपरे ठासले, बारीक टाके घातले, वरून थापट्या मारल्या. मी नव्यापेक्षाही नवा दिसू लागलो.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "कंपनीला तरी जमेल का असं?"

मी वरून असा सजलो होतो आणि आत हाय खाऊन बसलो होतो. कारण गादीला पाण्याचे काय कळणार? कापूस पाण्याला नाही म्हणतच नाही. तो पाणी पितो, आणि पितो, आणि जड होतो. बाकीची तिघे मळकी, विटकी होती, पण त्यांच्या आत अजून हवा होती. मी तेवढा देखणा, आणि पोकळ माझीच हमी. हे सत्य फक्त मला ठाऊक होते आणि मला जीभ नव्हती.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण मऊ वस्तू घरात कुणाच्या वाट्याला जाते? ज्याच्यावर सगळ्यांची माया असते त्याच्या. गादीवाल्यांची आई थकलेली, काटकुळी, पण पाण्याची भारी वेडी. पोहता अजिबात येत नसे. तरी नाव सुटली की काठावरून वाकून हात पाण्यात घालायची आणि देवाचे नाव गुणगुणत बसायची.

"आईला ते मऊ दे," गादीवाले म्हणाले. "बाकीची कडक आहेत, तिच्या हाडांना लागतील."

आणि गादीवाल्यांच्या बायकोने मला सासूबाईंच्या अंगात चढवले, पट्टे प्रेमाने आवळले. म्हातारी माझ्यावर गाल टेकवून म्हणाली, "हे माझं गुबगुबीत!"

तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. ती वाकली की मी कासावीस होई. नाव हेलकावली की माझे टाके ताणले जात. एकदा लाटेचा मोठा शिडकावा आमच्या अंगावर आला आणि मी खांद्याशी ओला झालो.

"अगंबाई, हे केवढं जड झालं गं!" ती म्हणाली.

घरी गेल्यावर सूनबाईंनी मला दोरीवर वाळत घातले. बाकीची जॅकेटे लगेच वाळली. मी ठिबकतच राहिलो. "अहो, हे एवढं पाणी का धरतंय?" त्यांनी विचारले. माझे काळीज हलले. विचारा, आणखी विचारा! पण गादीवाले म्हणाले, "कापूस आहे, ऊन दाखवलं की मोकळा होतो," आणि विषय मिटला. उत्तर त्यांच्याच तोंडात होते, पण ते गादीचे उत्तर होते.

मग धक्क्यावर एक पाटी लागली. रविवारी सकाळी हौशी नावांची सुरक्षा तपासणी. मोफत. ऐच्छिक. तपासणारे होते दातांचे डॉक्टर. त्यांचीही एक नाव होती. आठवडाभर लोकांचे दात बघायचे आणि रविवारी नावा, अशी त्यांनी आपणहून घेतलेली सेवा. दंड नाही, जप्ती नाही. नाव नीट असली तर एक स्टिकर, नसली तर काय करायचे ते सांगायचे, बस.

"या गादीवाले, पाच मिनिटं," डॉक्टरांनी हाक मारली.

"नको हो. उगीच माझ्या नावेला नावं ठेवाल."

"नावं ठेवायला नाही, नाव तरती ठेवायला बसलोय मी इथे."

"तुमच्याकडे आलो की तुम्ही एक तरी दात काढताच, डॉक्टर!" गादीवाले हसत हसत पुढे गेले आणि नाव सुटली. मी म्हातारीच्या अंगावरून मागे बघत राहिलो. धक्का लहान लहान होत गेला.

नावेत बायकोने विषय काढलाच. "ऐच्छिक म्हणजे काय हो?"

"म्हणजे नाही केली तरी चालते."

"शाळेत ऐच्छिक विषय घेतला की त्याचा अभ्यास करायचा नसतो वाटतं? गिऱ्हाईक तुमची गादी दहादा दाबून बघतं, तेव्हा बरं चालतं तुम्हाला!"

"अगं, गादी त्यांना माहीत नसते. ही नाव माझी आहे. मला माहीत आहे."

मला माहीत आहे! मित्रांनो, या तीन शब्दांनी माझी जेवढी घालमेल झाली तेवढी कुठल्या लाटेने झाली नाही.

पुढच्या रविवारी बेत ठरला पलीकडच्या काठावरच्या देवळात जायचा. आईची फार दिवसांची इच्छा. मध्ये पाणी खोल, आणि त्या दिवशी वारा सुटलेला. धक्क्याला बांधलेल्या नावा एकमेकींवर आदळत होत्या. म्हातारीने मला अंगात घातले होते. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो: कुणीतरी थांबवा. वाटेत डॉक्टर खुर्ची टाकून बसलेच होते.

"आज तरी?" त्यांनी विचारले.

"परत येताना," गादीवाले म्हणाले आणि आईचा हात धरून तिला नावेत उतरवू लागले. पण आई हलेना.

"कोण रे हे? आपले दातवाले डॉक्टर ना? माझी कवळी यांनीच केली."

"हो आई, चल, वारा वाढतोय."

"माझ्या तोंडात हात घालून बघितलं त्यांनी, तेव्हा कुठे आज सफरचंद चावून खाते मी. मग तुझ्या नावेत हात घालून बघितलं तर नाव झिजेल का?"

"आई, ते ऐच्छिक आहे गं!"

"असू दे की. तुझी इच्छा नाही, माझी आहे." आणि म्हातारी धक्क्यावरच्या दगडावर ठाण मांडून बसली.

गादीवाल्यांचा नाइलाज झाला. डॉक्टर नावेत उतरले. दोर बघितले, नांगर बघितला, आग विझवायच्या नळकांड्याचा काटा बघितला, दिवे लावून बघितले. सगळे चोख. गादीवाल्यांची छाती फुगत चालली. मग जॅकेटांची पाळी आली. डॉक्टरांनी तिन्ही दाबली, पट्टे ओढून बघितले. "यांच्यावर बसू नका बरं का, यांचा जीव जातो," एवढे म्हणाले. आणि मग म्हातारीच्या अंगातून मला उतरवले.

त्यांचा अंगठा माझ्यात रुतला. ते थबकले. पुन्हा दाबला.

"हे कुणी भरलं?"

"मी!" गादीवाले अभिमानाने म्हणाले. "स्वतःच्या हाताने. फोम चेपला होता, काढून टाकला. आत पहिल्या प्रतीचा कापूस आहे, डॉक्टर. हात लावून बघा!"

डॉक्टर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी माझ्या पट्ट्याला दोर बांधला, माणसाच्या भाराच्या जागी म्हणून आत दगडांची एक छोटी पिशवी अडकवली आणि दोर गादीवाल्यांच्या हातात दिला. "पाण्यात सोडा. तुम्हीच सोडा."

मी पाण्यावर पडलो. आणि मित्रांनो, मी तरंगलो! कापूस अजून कोरडा होता ना. गादीवाल्यांचा चेहरा फुलला. "बघा, बघा! मी सांगत नव्हतो?" नाव सोडायला ते वळूही लागले.

आयुष्यात कधी झाली नाही एवढी तगमग मला त्या घटकेला झाली. सगळे जग देवाला म्हणते, मला तार. मी पाण्यावर पालथा पडून म्हणत होतो, देवा, मला बुडव. लवकर बुडव. ही माणसे इथे उभी आहेत तोवर बुडव. पाण्या, ये आत, मी दार उघडून बसलो आहे!

"जरा थांबा," डॉक्टर म्हणाले.

आणि पाणी आले. आधी शिवणीतून, मग सगळीकडून. तो शुभ्र कापूस घटाघटा पाणी प्यायला लागला. माझा खांदा खाली गेला, मग छाती, मग दुसरा खांदा. हिरवे पाणी माझ्यावर मिटले. मला इतके शांत कधीच वाटले नव्हते.

गादीवाल्यांनी मला दोराने वर ओढले. मी धक्क्यावर पडलो आणि माझ्यातून पाणी वाहत राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा दगडावर बसलेल्या आईकडे.

"मी चांगलाच कापूस घातला होता हो," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "सगळ्यात चांगला घातला होता."

आईने त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवले. "बस बाळा. देऊळ काही पळून जात नाही."

सूनबाई डोळे पुसत होत्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "पट्टे कापून टाका. फाटकं जॅकेट कुणी घालत नाही, हे मात्र कुणीही घालेल." गादीवाल्यांनीच कात्री मागून घेतली आणि माझे पट्टे कापले. पोटाची शिवणही उसवली, आतला ओला कापूस दिसावा म्हणून. मला जराही दुखले नाही.

त्या दिवशी नाव सुटली नाही. ती सुटली पुढच्या रविवारी, तपासणी करून, नवे जॅकेट आणून.

"बाबू, हे टोचतंय रे," आई कुरकुरली.

"टोचू दे, आई," गादीवाले म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला असे म्हटले नसेल.

आणि मी इथे कुंपणावर. डॉक्टर लोकांना माझ्या पोटात हात घालायला सांगतात. कुणी घालतात, दचकतात आणि आपली नाव दाखवायला घेऊन येतात. पण मित्रांनो, तपासणी ऐच्छिक आहे. दर रविवारी चार-दोन नावा हात हलवत निघून जातात. आता ही बघा, एक निघाली. पुढे बसलेले आजोबा हसत आहेत, नात त्यांच्या मांडीला टेकून उभी आहे. आजोबांच्या बुडाखाली काहीतरी नारिंगी दिसते आहे. वरून अगदी छान दिसते आहे.

मी फडफडतो आहे, पण मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.