भोरीच्या राखणीचा मोबाईल

आधीच सांगते, माजं त्वांड लय वाईट हाय. धोंडाबाईच्या नादाला लागू नये, आसं आख्खी परंदवडी म्हनती, आन ते खरं हाय.

आमची भोरी म्हैस गाभन व्हती. मागच्या खेपेला ती व्याली तवा म्या भातकापनीला गेलते. परत आले तर रेडकू थंड पडलेलं, नाकातोंडावरचा पडदा तसाच. दोन मिनटं कोन जवळ आसतं तर जगलं आसतं. भोरी आठ दिस त्या जागी हुंगत, रेकत व्हती. ह्या खेपेला आसं हू द्यायचं न्हाई, म्हनून म्या तवाच ठरवलं. पन भात काय कुनासाठी थांबतं व्हय? आन ल्योक-सून दोघंबी जवळच्या नवलाख उंबऱ्याला कंपनीत कामाला.

सुनंनं, संगीतानं, आपला जुना, काच तडकलेला मोबाईल काढला आन गोठ्यातल्या खांबाला सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधला. "आत्याबाई, हा आता कॅमेरा. भोरी ह्यात दिसत ऱ्हाईल. तुमी खुशाल कापनीला जावा."

"आन बघनार कोन?"

"बघनारं बघतंय," म्हनली आन कंपनीची बस धरायला पळाली. म्या समजले, हीच बघत आसंल तितनं.

सकाळी वैरन टाकताना म्या भोरीसंगं बोलते. दुसरं कोन ऐकतं माजं? आन बोलनं सगळं शेजारच्या लैलावरचं. लैला म्हंजी चाँदभाईची बायकू. दिवसभर तिची शिलाई मशीन कुडापलीकडं खडखडत आसती. तीन वर्सांमागं तिच्या कोंबड्यांनी माजं वाळत घातलेलं भात विस्कटलं. म्या धोंडा हानला, येका कोंबडीची तंगडी मोडली. तवापासनं आमचं बोलनं बंद.

"भोरे, त्या टवळीला लय माज आलाय बग," म्या म्हनायचे. "मशीनची सुई खुपंल बोटात, तवा उतरंल." आन येक दिस, खोटं कशाला बोलू, आसंबी म्हनले, "पन तिच्या हातचा शिरखुर्मा लय आठवतो गं. तीन ईद गेल्या. माफी मागितली आसती म्या, पन ही मेली जीभच वळत न्हाई."

मंग त्या बुधवारी गवताचा भारा घेऊन वावरातनं आले, तर गोठ्याच्या दारात कुनाच्या तरी चपला. भारा टाकला आन आत गेले.

शेनामुतात फतकल मारून लैला बसलेली. कोपरापतोर हात बरबटलेले. मांडीशी रेडकू, आन ती गोनपाटानं त्याला खसाखसा पुसत व्हती. रेडकू जित्तं व्हतं! भोरी वाकून त्याला चाटत व्हती.

"तू हितं कशी?" माज्या तोंडातनं येवढंच निघालं.

"मोबाईलात दिसलं, मावशी. निम्मं भाईर आलतं. हातातलं टाकून पळाले. तोंडावर पडदा व्हता, बोटानं काढला, नाकात फुंकर मारली. तवा शिंकलं बगा. रेडी झाली तुमच्या भोरीला."

"तुज्या मोबाईलात कसं?"

"संगीतानं जोडून दिलं. तिचा मोबाईल कंपनीच्या गेटवरच ठेवून घेत्यात, ती कशी बघनार? म्हनली, तू मशीनवर बसूनच आसतीस, समोर ठेव. वीस दिस झाले."

म्या खांबाकडं बघितलं. "त्यात नुसतं दिसतं न्हवं?"

लैला रेडीचा कान पुसत ऱ्हायली. "ऐकूबी येतं, मावशी."

आगं बया! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टवळी, माज, सुई, सगळं वीस दिस हिनं ऐकलं!

"मंग बंद का न्हाई केलास?"

"भोरीनं काय माजं वाईट केलतं?" म्हनली आन हात धुऊन निघून गेली. म्या रेडीच्या गळ्यात पडून पोटभर रडले. पन लैलाला हाक मारायची तर ही जीभ तवाबी वळली न्हाई.

दुसऱ्या दिशी चिकाचा खरवस केला, गूळ-वेलची घालून. पयला वाटा तिचाच, त्यात वाद न्हाई. पातेलं घेऊन तीनदा तिच्या दारापतोर गेले, तीनदा माघारी आले. शेवटी गोठ्यात गेले.

"भोरे," म्या म्हनले, पन त्वांड मोबाईलाकडं. "लैलाला सांग, कोंबडीचं माजं चुकलं. तिनं माज्या दारात जीव वाचवला, ह्ये म्या मरस्तवर इसरनार न्हाई. आन खरवस गरम हाय म्हनावं."

कुडापलीकडची मशीन थांबली.

जरा येळानं लैला गोठ्याच्या दारात उभी. हातात रिकामा वाडगा, डोळ्यांत पानी.

"भोरीला लय सांगितलंत, मावशी. आता मला सांगा."

म्या तिचा हात धरला आन पयल्यापासनं सगळं तिच्या तोंडावर सांगितलं.