आर्डेलाची टाळी

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण या गाण्यातल्या झाडून सगळ्या टाळ्या माझ्या बायकोच्या आहेत!" लुशस टॉलिव्हर खुर्चीतून म्हणाला. अर्ध्या तोंडाला फेस होता, तरी बोलणं थांबेना. रेडिओवर ते लांबलचक नाचाचं गाणं नुकतंच सुरू झालं होतं.

एमेट न्हाव्याने वस्तरा वर धरला. "मागच्या शनिवारी निम्म्या होत्या."

"तेव्हा विनय केला होता."

अठ्ठ्याहत्तर साल होतं. फिलाडेल्फियातल्या पोरांनी डोक्यावर केसांचे डोंगर वाढवल्यापासून एमेटच्या दुकानात कात्रीपेक्षा जिभाच जास्त चालत. लुशस ट्रॉली, म्हणजे शहरातली ट्राम, चालवायचा. जन्मभर एकाच रुळावरून गेलेला हा माणूस बोलताना मात्र कधी रुळावर राहत नसे.

"स्टुडिओत झाडलोट करायची ती. वादकांच्या टाळ्या म्हणजे ओली फडकी! शेवटी म्हणाले, बाई, झाडू ठेवा नि या. हिनं एक टाळी वाजवली, आवाज मोजायच्या यंत्राचा काटा मोडला. दुसरीला छपरावरचं बर्फ रस्त्यात. तिसरीला साहेबांचा केसांचा टोप उडून ढोलात!"

"आणि चौथीला?"

"नदीपलीकडच्या कॅमडेनहून निरोप आला, जरा हळू वाजवा म्हणून."

बाकावरचे सगळे हसले. त्याची बायको आर्डेला गेल्या हिवाळ्यात वारली होती. घरात तिचे फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत, आणि तिचा आवाज कुणी कधी टेपवर धरला नव्हता. हे गाणंही आता क्वचितच लागे, तेही शनिवारी दुपारीच. म्हणून त्या वेळी दाढी वाढलेली नसली तरी लुशस येऊन बसे. आपल्याखेरीज आणखी कुणीतरी ते एकदा नीट ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

दारात ओडेसाबाई उभ्या होत्या. चर्चच्या गळक्या छपरासाठी तळलेल्या माशांचे डबे विकत फिरत होत्या. चर्चचं गाणं बसवायच्या त्याच, आणि आर्डेलाला कायम मागच्या रांगेत उभं करायच्याही त्याच.

"लुशस, देवाच्या कामाला निघालेय म्हणून तोंड आवरते," त्या म्हणाल्या. "आर्डेलाची टाळी उभ्या जन्मात वेळेवर पडली नाही! पाद्रीबुवांचं आमेन झालं तरी हिची टाळी आपली वाटेतच."

बाक हसून हसून हलला. लुशस हसला नाही. "एमेट, जरा मोठा कर," तो म्हणाला.

गाणं संपत आलं होतं. ढोल थांबला, टाळ्या एकदम पडल्या आणि मिटल्या. मग, श्वासभर उशिरानं, एकटीच एक टाळी पडली.

रेडिओवाला साबणाची जाहिरात सांगू लागला. एमेटचा वस्तरा तसाच वर होता. ओडेसाबाईंनी डबे खाली ठेवले नि बाकावर बसल्या.

"खोटारड्या," त्या म्हणाल्या, "सगळ्या कुठल्या? ही शेवटची तेवढी तिची."