नाकाशी आलेली लेन्स

प्रितमने कॅमेऱ्यासाठी स्वस्तातली, फुगीर काचेची फिशआय लेन्स घेतली होती. फोकस हाताने फिरवायचा आणि फोटोसाठी अगदी नाकाशी जायचं. त्याच्या बायकोने, रुचिकाने, ती पाच महिन्यांच्या लेकीसमोर, गार्गीसमोर धरली.

"बघ ना गं, ठमाकाकू!"

काच पापणीला टेकायची बाकी होती, तरी गार्गीने ना डोळे मिटले, ना हात मारला.

"किती शांत पोर!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "हिच्या बापाने कॅमेरा चाटला असता."

रुचिकाने गुपचूप लेन्स डावीकडे नेली, मग उजवीकडे. नजर छतावरून हलली नाही. तिने हाक मारली, तशी गार्गी आवाजाकडे वळून खुदकन हसली.

रुचिकाने लेन्स खाली ठेवली. "आई, हिला दिसत नाहीये. आत्ताच डॉक्टरकडे जाऊया."

सासूबाईंनी लगेच नातीला उचललं.