युवराजचं बाळंतपण

युवराजला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण असं काही झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ, कारण युवराजही तसंच धरून चालला होता.

त्याला झाला होता हर्निया. पळसदेवच्या दूध संकलन केंद्रावर कॅन उचलता उचलता पोटाखाली गोळा आला होता. खोकलं की बाहेर, आडवं पडलं की आत. आत जातोय तोवर ठीक, अडकला तर पळापळ होईल, असं डॉक्टर म्हणाले आणि युवराजची झोप उडाली. बसला की उठावंसं वाटे, उठला की बसावंसं. दुधाची फॅट काढताना एक हात मशिनवर, दुसरा खिशातून गोळ्यावर.

बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटानं दाबून गोळा मान्य केला. आता फक्त कॉम्प्युटरकडून ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. कॉम्प्युटर नाही म्हणाला. कारण रुग्णाला सातवा महिना होता.

तिथं पुण्याच्या निकिता मॅडम बसत. गावोगावच्या दवाखान्यांतल्या विखुरलेल्या नोंदी जोडून प्रत्येक माणसाची सलग माहिती तयार करायची, असं त्यांचं संशोधन होतं. त्यांच्या प्रोग्रॅमनं एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस असं धरलं होतं. त्या हिशेबानं युवराजला साखर होती, मोतीबिंदू होता, त्याला नुकतीच गोवरची लस टोचली होती आणि ताप आला तर थेंब पाजायचे होते.

"असा पेशंट मी अजून बघितला नव्हता," मॅडम म्हणाल्या. आवाजात थोडं कौतुकही होतं.

युवराजच्या लगेच ध्यानात आलं. आळीतले बाप्ये फोन खिशात घालून धरणाच्या पाण्यावर मासे धरायला जात, नाहीतर उसात. मागं बायका घरी, बिनफोनच्या. सरकारी दवाखान्याची आशाताई नोंदणीला आली की सगळ्याजणी सांगत, युवराजचा नंबर टाका, त्यो केंद्रावर असतोच. युवराजला याचा अभिमान होता. ओटीपी आला की तो केंद्राच्या भोंग्यावरून पुकारायचा. आकडा सगळ्या गावालाच माहीत, त्यामुळं चोरीची भीती नव्हती.

सातवा महिना होता तो शेजारच्या जरिनाचाचीच्या सुनेचा, साजियाचा.

त्यानं दुसरा नंबर देऊन बघितला. आधार कार्ड तेच निघालं, तेव्हा गरोदर बाईनं नवा फोन घेतला असं कॉम्प्युटरनं समजून घेतलं. मग मॅडमनी शेवटचा उपाय सांगितला. जुना नंबर त्याखालच्या सगळ्या नोंदींसकट पुसून टाकायचा. मग ज्यानं त्यानं आपापला फोन घेऊन बारामतीला यायचं आणि नवी नोंदणी करायची.

"आन् तवर भागूआत्याची साखरंची गोळी?"

"नोंद नसेल तर गोळी निघणार नाही."

भागूआत्या फोन वाजला तरी डोक्यावर पदर घ्यायची. ती फोन विकत घेऊन बारामतीला येईल, हे युवराजनं मनात आणून बघितलं. आलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बाळंत झाल्यावर सुटंल का?"

मॅडमनी तपासलं. बाळंतपणाची नोंद पडली की गरोदरपण आपोआप मिटणार होतं.

त्या दिवसापासून युवराज साजियाच्या मागं लागला. सकाळी दूध पोचवायचा, संध्याकाळी कसं वाटतंय विचारायचा, मधेच पुन्हा डोकावून जायचा. तिला हंडा उचलू देईना, त्याला स्वतःला उचलवेना. मग दोघं हंड्याकडं बघत उभी राहत.

"पोट तिचं आन् येरझाऱ्या तुज्या," जरिनाचाची म्हणाली. "आमच्या सद्दामला बी एवढा घोर न्हाय. बाप हाय त्यो."

"चाची, माजं बी त्यातच अडकलंय."

चाचीनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. त्याला शेवटी गोळ्याची सगळी हकीकत सांगावी लागली.

साजिया इंदापूरला बाळंत झाली. केंद्रावर युवराजच्या फोनवर मेसेज आला: अभिनंदन, आपण आई झालात. युवराजनं ते भोंग्यावरून वाचलं आणि पेढ्यालाही न थांबता भिगवणमार्गे बारामती गाठली.

गरोदरपण खरंच मिटलं होतं. त्या जागी नवीन ओळ होती. बाळंतिणीचं तातडीचं नसलेलं ऑपरेशन सध्या करू नये. तिनं जड उचलू नये, बाळाला वेळच्या वेळी पाजावं.

डॉक्टरांनी धीर दिला. गोळा अडकला तर लगेच घेऊ, तातडीला कॉम्प्युटर आड येत नाही.

"म्हंजी मराय लागल्यावर?"

"त्याच्या थोडं आधी."

परतताना भिगवणच्या स्टँडवर त्याला खोकला आला. तो त्यानं दोन्ही हातांनी धरून पार पाडला. मग बाकड्यावर बसला, उठला, पुन्हा बसला आणि एका दमात दवाखान्याला अर्ज लिहिला, प्रत माहितीसाठी दूध केंद्राला:

"अर्जदार बाळंत झाल्याचे आपल्या दप्तरी नमूद असून, बाळाचे संगोपन शेजारी समाधानकारक चालू आहे. तरी मेहेरबान साहेबांनी आळीतील कोणाचीही गोळी न थांबवता अर्जदारास आळीपासून विभक्त करून एक स्वतंत्र पुरुष इसम म्हणून मंजूर करावे, व तसे होईपर्यंत कॅन न उचलण्याकामी त्यास भरपगारी प्रसूती रजा देण्यात यावी, ही नम्र विनंती."